जातकातील प्राणी आणि आजची माणसे : पुनर्कथनाचा एक प्रश्न

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्याहून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. तेथील १७ क्रमांकाच्या लेण्यात स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची कथा चितारलेली आहे. अशा कथा आजच्या माणसांना पात्रे करून पुन्हा सांगाव्यात, ही कल्पना आकर्षक आहे. जातकांचे अनुवादक चिं. वि. जोशी हेच चिमणरावाचे जनक. म्हणजे दोन्ही साधने मराठीत एका हाती होती. तथापि प्राण्याच्या जागी माणूस आणणे हे केवळ वेषांतर नव्हे. त्यामुळे कथेचा नैतिक हिशेबच बदलतो.

नंदिविसाल जातक पाहावे. पेज-भात घालून वाढविणाऱ्या ब्राह्मणाचे ऋण फेडण्यासाठी बैल त्यास १००० नाण्यांची पैज लावावयास सांगतो. भरलेल्या १०० गाड्या जोडल्या जातात; ऐनवेळी धनी अपशब्द उच्चारतो आणि बैल जागचा हलत नाही. पुढे २००० ची पैज लागते, गोड शब्द येतात, गाड्या निघतात. कठोर वाणी वापरणाऱ्या भिक्षूंना उद्देशून सांगितलेल्या या कथेचे तात्पर्य वाणीच्या सौजन्यापुरते आहे. आता बैलाच्या जागी वऱ्हाडातील सालदार कल्पावा. अपमानाने त्याचे थांबणे अधिक खरे वाटते, हे पुनर्कथनाचे बळ होय. परंतु लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : पैजेचे पैसे कोणाचे? मूळ कथेत लोकांनी बैलाला दिलेले धनही ब्राह्मणाच्याच पदरी पडते. बैलाच्या बाबतीत हे खटकत नाही. पोळ्याला खांदे शेकले की त्याचा मान झाला असे आपण मानतो. सालदाराच्या बाबतीत तेच सौजन्य शोषणाचे वंगण ठरते. पुनर्कथनकाराने येथे थबकावयास हवे. बहुतेकदा तात्पर्य शाबूत ठेवण्याच्या नादात हीच जागा निसटते.

सस जातकात धोका अधिक गंभीर आहे. याचकाला देण्यास काही नाही म्हणून ससा स्वतः अग्नीत उडी घेतो. तत्पूर्वी अंगावरील जीवजंतू वाचावेत म्हणून तीनदा अंग झाडतो. तो अग्नी त्याचा केसही तापवीत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पॅकेज जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. त्या भूमीत सशाचा शेतकरी करून देहदानाचा गौरव करणे अक्षम्य होईल, कारण माणसाला जाळणारा अग्नी थंड नसतो. ही कथा सशाचीच राहू द्यावी.

उरतो समोधानाचा प्रश्न. जातकाच्या अखेरीस पूर्वजन्मीच्या पात्रांची ओळख वर्तमानातील माणसांशी जोडली जाते. नंदिविसालातील ब्राह्मण म्हणजे आनंद. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या वाचकाला हा दुवा सहज मान्य होणार नाही, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याचे संक्रमण नाकारले आहे. मानवी पात्रांच्या पुनर्कथनाला खरे प्रयोजन लाभते ते येथे. तेव्हाचा आणि आताचा माणूस जन्माने नव्हे, कृतीने ओळखता येतो. सालदाराच्या कथेत समोधानाची ती जागा साल संपल्यावर ओट्यावर होणाऱ्या हिशेबाला देता येईल. मात्र तो हिशेब सालदाराच्या तोंडून यावयास हवा.