‘ऑथेल्लो’चा शेवटचा प्रवेश : एका जुन्या आक्षेपाचा पुनर्विचार

महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं ‘ऑथेल्लो’ मराठींत आणलें. १८९० मध्यें देवलांनीं त्यालाच ‘झुंझाररावा’चा पोषाख चढविला. या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशावर एक आक्षेप आम्ही नेहमीं ऐकत आलों आहों. नवऱ्यानें श्वास कोंडून मारलेली डेस्डेमोना पुन्हा बोलते कशी? वर्गांत आम्हींही हा दोष वर्षानुवर्षें दाखविला. तो आतां मागें घेणें आम्हांस प्राप्त आहे.

वैद्यकशास्त्र सांगतें तें असें. गळा दाबला असतां मेंदूचा रक्तपुरवठा अडतो आणि दहा सेकंदांच्या आंतच शुद्ध जाऊं शकते. पकड सुटली तर ती स्त्री उठते, बोलते, स्वयंपाकालाही लागते. परंतु मानेंतील रोहिणीला आंतून इजा झाली असल्यास पुढें कांहीं तासांनीं वा दिवसांनीं पक्षाघात किंवा मृत्यु ओढवूं शकतो. अमेरिकेंतील सॅन दिएगो शहरांतील अशा ३०० प्रकरणांची पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांच्या गळ्यावर वळ सुद्धां दिसला नव्हता. तेव्हां डेस्डेमोनेचें बोलणें आम्ही समजत होतों तितकें अस्वाभाविक नाहीं.

ती बोलते काय, हें त्याहून महत्त्वाचें. हें माझें मीच केलें, असें सांगून ती नवऱ्याला पाठीशीं घालते! चौथ्या अंकांत चारचौघांदेखत त्यानें तिच्यावर हात टाकलेला असतो. पाहणारे चकित होतात, पण तिला त्या घरांतून कोणी बाहेर काढीत नाहीं. आम्ही टीकाकार मात्र नायकाच्या संशयाची मीमांसा करण्यांत रमतों.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांत मराठवाडा-विदर्भांतून आलेलीं कुटुंबें एकेका भाड्याच्या खोलींत राहतात. माहेर दूर, शेजार नवा. या भागांतील वर्तमानपत्रांत ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा गळा आवळून खून’ हें ठराविक वाक्य आपण वाचतों आणि पान उलटतों. त्या वाक्याचा दोष आमच्या टीकेसारखाच आहे. त्यांत संशयाला जागा आहे. पूर्वीं तिचा गळा कितीदां धरला होता, याला नाहीं. प्राधिकरणांतल्या बंगल्यांत असें घडत नाहीं, या भ्रमांतही सुशिक्षितांनीं राहूं नये.

२००८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत, ज्यांचा गळा जोडीदारानें पूर्वीं आवळला होता अशा स्त्रियांचा पुढें खून होण्याचा धोका सातपटींहून अधिक आढळला. म्हणजे ‘नुसता गळाच धरला, मारलें नाहीं’ हें घराघरांतलें समाधान किती घातक! इंग्लंडांत जून २०२२ पासून हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे तसें वेगळें कलम नाहीं. तरी क्रूरता, दुखापत, प्रसंगीं खुनाचा प्रयत्न या कलमांचा आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार आहेच.

आवाज घोगरा होणें, गिळतांना दुखणें, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणें, यांपैकीं कांहीं असो वा नसो, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें आणि ‘गळा दाबला’ हे शब्द स्पष्ट उच्चारावे. तातडीच्या मदतीस ११२ आणि महिलांसाठीं १८१ हे क्रमांक आहेत.

नाटकांत एमिलिया दार ठोठावते, पण तोंवर उशीर झालेला असतो. भिंतीपलीकडचा आवाज ऐकणाऱ्या शेजाऱ्यानें तें दार आधींच ठोठावावें, एवढेंच आमचें मागणें आहे.