वैयक्तिक प्रतिक्रिया आणि कलाकृतीची घटना : एका हिप-हॉप गीतसंग्रहाच्या निमित्ताने

गीत ऐकताच श्रोत्याच्या मनात जी आवड वा नावड उमटते, तिला समीक्षेत कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. अशी प्रतिक्रिया हा आस्वादाचा आरंभ होय, मूल्यमापन नव्हे, असे सामान्यतः मानले जाते. केंड्रिक लमार या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा 'टु पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) हा १६ गीतांचा संग्रह या भूमिकेची फेरतपासणी करावयास लावतो.

संग्रहातील 'यू' हे सहावे गीत प्रथमश्रवणी नकोसे वाटण्याचा संभव फार. त्याच्या उत्तरार्धात हॉटेलच्या खोलीतील मद्यधुंद माणसाचा रडवेला स्वर ऐकू येतो. कॉम्प्टन या आपल्या गावी मृत्यूशी झुंजणाऱ्या मित्राला आपण भेटावयास गेलो नाही, ही बोच घेऊन निवेदक स्वतःलाच 'तू' म्हणून धारेवर धरतो. परक्याच्या दाराला कान लावल्याचा संकोच श्रोत्याला वाटू लागतो. याउलट 'आय' हे पंधरावे गीत आत्मप्रीतीचे व प्रसन्न चालीचे आहे. २०१४ मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा काहींना ते उथळ वाटले होते. संग्रहात मात्र ते श्रोतृवृंदासमोर गाइले जात असल्याचा आभास निर्माण केला आहे; मध्येच भांडण उद्भवते, गाणे थांबते आणि गायक जमावाची समजूत घालू लागतो. 'यू'चे श्रवण घडलेल्या श्रोत्याला ही प्रसन्नता आता कष्टार्जित वाटते. 'तू' आणि 'मी' या एकाच व्यक्तीच्या दोन अवस्था आहेत, हे त्याच्या ध्यानी येते. मर्ढेकरांची परिभाषा वापरावयाची तर येथे विरोधलय आहे. श्रोत्याची नावड हा त्या लयीचाच एक घटक ठरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. 'यू'च्या पाठोपाठ येणाऱ्या 'ऑलराइट'चे ध्रुवपद २०१५ मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांनी घोषणेप्रमाणे उच्चारले. त्यांना गीतांचा क्रम ठाऊक असण्याची गरज नव्हती. मग त्यांची प्रतिक्रिया अपुरी म्हणावयाची काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. या गीताच्या कडव्यांत निराशा आणि प्रलोभन आहे. ध्रुवपदातील दिलासा देणारा स्वतः निःशंक नाही. निदर्शकांची स्थितीही तीच होती. संग्रहात 'यू' जी पार्श्वभूमी पुरविते, ती त्यांना जीवनानेच पुरविली होती. दूरस्थ श्रोत्याला मात्र ती कलाकृतीतूनच मिळवावी लागते; म्हणून गीतक्रमाचे महत्त्व त्याच्यापुरते अधिक.

सर्वच प्रतिक्रिया अशा पालटतात असे नाही. अखेरच्या 'मॉर्टल मॅन'मध्ये १९९६ साली मृत्यू पावलेल्या टुपाक शकूर यांच्या जुन्या मुलाखतीतील उत्तरे घेऊन एक संवाद रचिला आहे. त्यातील कृत्रिमता वारंवार ऐकूनही काही श्रोत्यांना खुपत राहील. अशी टिकून राहणारी नावडही तितकीच विचारार्ह आहे, कारण ती रचनेतील सांधा दाखविते.

तात्पर्य, वैयक्तिक प्रतिक्रिया समीक्षेतून वगळणे इष्ट नव्हे. ती कोणत्या श्रवणाची, कोणत्या क्रमातील आणि कोणत्या जीवनस्थितीतील, हे नोंदविले, तर तिचे पालटणे वा न पालटणे हाच कलाकृतीच्या घटनेविषयीचा पुरावा ठरतो.