ख्रिस्तमाउली आणि संसार : ना. वा. टिळकांचे अभंग व ‘स्मृतिचित्रे’ यांतील दैनंदिन भक्ती

बीजसंज्ञा : ख्रिस्तभक्ती, अभंग, वारकरी परंपरा, आत्मचरित्र, प्रपंच आणि परमार्थ

प्रस्तावना

ख्रिस्ताशी व्यक्तिगत नाते जोडणे हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मानला जातो. परंतु हे नाते केवळ उपासनेच्या वेळी अनुभवास येते की घरातल्या रोजच्या व्यवहारातही टिकते, हा प्रश्न श्रद्धेइतकाच साहित्याचाही आहे. मराठीत या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दोन साहित्यकृती एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. एक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची ‘अभंगांजली’ व दुसरी म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. अभंगांनी जे नाते गायिले, त्याची कसोटी आत्मचरित्राने घेतली, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

नात्याची भाषा

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्म बदलला तरी त्यांची भक्तीची भाषा बदलली नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशी त्यांची भावना होती. त्या काळच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत परकीय चालींवर बेतलेल्या अनुवादित गीतांचा भरणा होता. त्या गीतांतील ख्रिस्त वंदनीय होता, पण घरचा वाटत नव्हता. टिळकांनी त्याला गुरू म्हटले, सखा म्हटले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माउली म्हटले.

‘माउली’ हे संबोधन केवळ अलंकार म्हणून आलेले नाही. वारकरी परंपरेत हा शब्द विठ्ठलासाठी येतो, तसाच ज्ञानेश्वरांसाठीही येतो. आईजवळ जाताना मुलाला पात्रता सिद्ध करावी लागत नाही. तिच्यावर रुसता येते, तिच्याकडे हट्ट धरता येतो, चुकले तर तिच्याच कुशीत शिरता येते. या एका शब्दासरशी पाप, न्याय व तारण ही धर्मशास्त्राची परिभाषा मागे पडते आणि जिव्हाळा पुढे येतो. टिळकांच्या अभंगांचे खरे सामर्थ्य येथे आहे. ख्रिस्ताविषयी बोलण्याऐवजी ते ख्रिस्ताशी बोलतात.

जिजाईची बाजू

तथापि या संवादात एक उणीव जाणवते. तो बहुधा दोघांतच चालतो : भक्त आणि देव. भोवतीचा संसार त्यात क्वचितच दिसतो. तुकारामांच्या चरित्रपरंपरेतही जिजाई दिसते ती इतरांच्या नजरेतून, बहुतेकदा कजाग म्हणून. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याचे घर चालविणाऱ्या त्या स्त्रीची कैफियत तिच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. ‘स्मृतिचित्रे’ने ही जागा भरून काढली.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना लहान मुलासह काही वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहावे लागले. टिळकांना ज्या क्षणी ख्रिस्त भेटला, त्याच क्षणी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पुढे संसार पुन्हा उभा राहिला तरी टिळकांचा उदार, लहरी व उतावळा स्वभाव तसाच होता. घरात पैसा टिकत नसे, पाहुणे व पोरकी मुले मात्र वाढत असत. लक्ष्मीबाई हे सारे मिस्कीलपणे सांगतात. त्यांच्या विनोदात पतीविषयी कडवटपणा नाही, तसेच त्याच्यावर संतत्वाचे आवरण घालण्याचा प्रयत्नही नाही. म्हणूनच त्यांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

स्वयंपाकघरातील परिवर्तन

लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ताकडे झालेला प्रवास पतीपेक्षा सर्वस्वी निराळा होता. त्यामागे ग्रंथ नव्हता, वादविवादही नव्हता. पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. त्यांचे पाणी व स्वयंपाक वेगळा असे आणि टिळकांनी त्यासाठी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच विचार केला. तो माणसाने केला, असे मनाला पटताच शिवाशिव गळून पडली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांच्या बाबतीत आधी चूल बदलली, मग धर्म बदलला.

‘स्मृतिचित्रे’त ख्रिस्ताला उद्देशून केलेले भावोद्गार विरळा आढळतात. त्याऐवजी तेथे दुष्काळातील मुले आहेत, प्लेगचे रुग्ण आहेत आणि बाप्तिस्मा न घेताही घरचा झालेला कवी बालकवी ठोंबरे आहे. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो. लक्ष्मीबाईंचा ख्रिस्त असाच कामाच्या ठिकाणी भेटणारा आहे. टिळकांची भक्ती तुकारामांच्या वाटेने गेली असेल, तर लक्ष्मीबाईंची भक्ती जनाबाईच्या जात्यापाशी थांबली, असे म्हणता येईल.

तरीही या दोन वाटांना परस्परविरोधी ठरविणे अन्यायाचे होईल. माउलीपणाची भाषा टिळकांनी दिली नसती, तर परक्याच्या मुलाला जेवू घालणे ही ख्रिस्तसेवा आहे, हे मराठी मनाला इतक्या सहजपणे उमगले नसते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांची बंधुता उभारली. त्यामागेही हीच भाषा होती. मात्र त्या संन्यासाचा भार कोणी उचलला, हे जाणण्यासाठी पुन्हा ‘स्मृतिचित्रे’च उघडावी लागतात.

निष्कर्ष

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांपाशी अपुरे राहिले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ही घटना वाङ्मयीन इतिहासापुरती मर्यादित नाही. टिळकांना ख्रिस्ताची ओढ लागली ती एकाएकी व उत्कटतेने. लक्ष्मीबाईंना ती लागली सावकाश, रोजच्या कामातून, आणि ती शेवटपर्यंत टिकली. ख्रिस्ताशी असलेले नाते जिवंत आहे किंवा नाही, याचा निर्वाळा भक्ताच्या अभंगापेक्षा त्याच्या घरातील माणसे अधिक खात्रीने देऊ शकतात. मराठी ख्रिस्ती साहित्याचे वाचन केवळ ‘अभंगांजली’पाशी थांबले, तर या नात्याची उत्कटता कळेल, पण त्याची किंमत कळणार नाही.