मूल्य कुणाचे, किंमत कुणाची?

आमच्या वाणिज्य शाखेतील मुले हल्ली वॉरन बफेट यांचे नाव एखाद्या संताचे घ्यावे तसे घेतात. ज्या घरात शेअरचा कागद कधी आला नाही अशा घरातला मी पहिला पदवीधर. ही भक्ती तपासावी असे मला वाटले. बर्कशायर हॅथवेच्या भागधारकांना बफेट यांनी वर्षानुवर्षे लिहिलेली पत्रे हे त्यासाठीचे मूळ साहित्य. आपल्याकडच्या अर्थशास्त्रीय गद्यापेक्षा ती कितीतरी स्वच्छ आहेत, हे आधी सांगितले पाहिजे.

सिद्धांत त्यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांचा. बाजार सांगतो ती किंमत, धंद्यात अंगभूत असते ते मूल्य. किंमत मूल्याच्या बरीच खाली असेल तेव्हाच घ्यावे, म्हणजे हिशेब थोडा चुकला तरी बुडत नाही. बाजाराने लावलेली किंमत म्हणजे मूल्य नव्हे, हे दलित माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. पण मूल्य ओळखणारा कोण? ग्रॅहम १९१४ साली कोलंबिया विद्यापीठाचे पदवीधर झाले. बाबासाहेब त्याच विद्यापीठात १९१३ पासून शिकत होते. ग्रॅहम ज्यू, त्यांच्या घराने ग्रॉसबॉम हे आडनाव बदलून ग्रॅहम केले. (आडनाव बदलण्याचा हा उपाय आपल्याही वस्त्यांना ठाऊक आहे.) मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, असे चरित्रकार सांगतात. ज्ञान तेच, सल्ला तोच. किंमत जातीने पाडली. ग्रॅहम यांच्या बाजारात किंमत आज ना उद्या मूल्याकडे येते. जातीच्या बाजारात ती येत नाही, कारण तिथे खरेदीदारांनी आधीच एकी केलेली असते.

१९८५ चे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी बफेट यांनी न्यू बेडफर्डची कापडगिरणी बंद केली. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरची यंत्रे १ लाख ६३ हजार १२२ डॉलरला गेली. १९८१ मध्ये पाच-पाच हजारांना घेतलेले माग २६ डॉलरला भंगारात विकले. हा हिशेब ते एक आकडाही न लपवता मांडतात. कामगार समजूतदारपणे वागले, हेही नोंदवतात. पण मागाची भंगारातली किंमत डॉलरात मिळते, मागावरच्या माणसाच्या वाट्याला सहानुभूतीचे शब्द येतात. गिरणगावातून आलेल्या वाचकाला हे गद्य ओळखीचे वाटेल.

नेतृत्वाविषयी त्यांचे सूत्र विश्वासाचे. मुख्य कचेरीत जेमतेम पंचवीसेक माणसे. कंपन्यांचे कारभारी आपापल्या जागी मोकळे. पण विश्वास ओळखीच्या वर्तुळातच फिरतो. भारतातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्चवर्णीय असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. त्यांतल्याही बहुतेक नेमणुका 'विश्वासाने'च झाल्या असणार.

राजकारणात ते श्रीमंतांवर कर वाढवा म्हणतात. अमेरिकेत १९३० साली गोरा पुरुष म्हणून जन्मलो ही सोडत लागली, असेही सांगतात. अब्जाधीशाच्या तोंडी हे दुर्मीळच. पण सोडतीला कर्ता नसतो. गोरेपणाचा फायदा कायद्यांनी घडवला, जातीचा शास्त्रांनी. सोडत म्हटले की मग जबाब कुणाला विचारायचा?

कराचेही तसेच. २०११ च्या लेखात त्यांनी लिहिले, की आपण १७.४ टक्के कर भरला आणि आपल्या कचेरीतल्यांनी सरासरी ३६ टक्के. २०२१ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवले, की २०१४ ते २०१८ या काळात त्यांची संपत्ती २,४३० कोटी डॉलरने वाढली आणि कर भरला गेला २ कोटी ३७ लाख. बर्कशायर लाभांश वाटत नाही. शेअर विकले नाहीत तर वाढ 'उत्पन्न' ठरत नाही. २०११ चा लेख उत्पन्नावरच्या दराबद्दल बोलतो, या दाराबद्दल नाही. फळ्यावर मी हे दोन्ही हिशेब शेजारीशेजारी लिहितो.