कुरूप पिलू आणि अष्टावक्र

हान्स अँडरसनची १८४३ सालची बदकपिलाची कथा ग. दि. माडगूळकरांनी मराठी गीतात आणली आणि ती येथलीच होऊन गेली. पाण्यातील प्रतिबिंबात पिलाला स्वतःची ओळख पटते, तो क्षण गदिमांनी मोठ्या हळुवारपणे रंगविला आहे. तथापि एक शल्य उरतेच. पिलू राजहंस ठरले म्हणून त्याचे दुःख सरले. ते खरोखरीच कुरूप बदक असते तर?

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राचे अंगही समंगा नदीत सरळ होते खरे. परंतु जनकाच्या सभेत बंदीला वादात जिंकून त्याने मान मिळविला, तो वाकड्या अंगानेच. रूप मागाहून आले. आरशासमोर खिन्न होणाऱ्या मुलीला राजहंस होण्याचे आश्वासन कोणी द्यावे? तिला हे गीत अवश्य ऐकवावे. मात्र त्यापाठोपाठ अष्टावक्राची कथाही सांगावी.