‘स्मृतिचित्रे’तील शांती

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे कौतुक झाले ते विनोदासाठी, साध्या भाषेसाठी. दिव्यात राहणारा, घरातला पहिला पदवीधर असलेला मी ते वर्गात शिकवतो, तेव्हा मला आधी दिसतो जातीचा प्रश्न.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार उन्मळला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पण सोवळे त्याआधीच सुटले होते. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला तयार झाल्या. त्यांच्या शांतीचे मूळ इथे आहे. आधी जात गेली, मग ख्रिस्त आला.

लक्ष्मीबाईंना जात टाकता आली. ती त्यांच्या हातात होती. दलिताची जात दुसऱ्याच्या हातात असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. वेशीबाहेर मात्र तो राहिलाच. प्रार्थनेने त्याचे मन निवेल, हे मी नाकारत नाही. पण शेजाऱ्याच्या मनातली जात जिवंत असेपर्यंत ती शांती टिकायची कशी? ‘स्मृतिचित्रे’ची खरी समीक्षा या सवालापासून सुरू व्हायला हवी.