विहीर, नांगर आणि सुपर कब

गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेतच आमचा वाद जुंपला. निमित्त झाले मंडळाच्या मदतनिधीचे. काही वर्षांपूर्वी आपण सर्वांनी येन जमवून मराठवाड्यातल्या एका गावाला बोअर आणि हातपंप करून दिला होता. फोटो आले, आभाराचे पत्र आले, आपण टाळ्या वाजवल्या. दोन उन्हाळ्यांनंतर आपल्यातलेच एक सभासद त्या गावावरून गेले, तेव्हा पंप जागेवर होता, पण दांडा नव्हता. बायका पुन्हा पहिल्याच विहिरीवर जात होत्या. हे ऐकल्यावर निशी-कासाईत राहणाऱ्या एका तरुण सभासदाने माझ्या हातात एक पुस्तक ठेवले आणि म्हणाला, "काका, आधी हे वाचा, मग पुढच्या वर्षीची वर्गणी मागा."

ते पुस्तक म्हणजे 'द प्रॉस्पेरिटी पॅराडॉक्स'. क्लेटन ख्रिस्टेन्सन, एफोसा ओजोमो आणि कॅरन डिलन या तिघांनी लिहिलेले हे पुस्तक २०१९ साली निघाले. ख्रिस्टेन्सन हे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधले नामवंत प्राध्यापक. पुस्तकानंतर वर्षभरात, जानेवारी २०२० मध्ये ते वारले. मी पुस्तक रोजच्या लोकलच्या प्रवासात, दोन आठवड्यांत वाचले. वाचताना पहिला धक्का बसला तो हा, की ओजोमो यांनीही आपल्यासारखेच केले होते. देणग्या गोळा करून त्यांनी आपल्या नायजेरियात विहिरी खोदल्या आणि त्यातल्या बहुतेक पुढे बंद पडल्या. तेव्हा आपला दांडा हरवला याची लाज एकट्या आपल्याला वाटायला नको.

पुस्तकाचा मुद्दा थोडक्यात असा. गरीब देशात विहीर, शाळा, कायदा, दवाखाना हे बाहेरून आणून 'ढकलले' तर टिकत नाही. त्याऐवजी ज्यांना एखाद्या वस्तूची गरज आहे, पण किंमत, वेळ किंवा माहिती यांच्या अडचणीमुळे जे ती घेऊ शकत नाहीत, अशा माणसांकडे बघा. त्यांना परवडेल, वापरता येईल अशी वस्तू करा. मग ती बनवायला, पोचवायला, विकायला, दुरुस्त करायला माणसे लागतात. त्यांना रोजगार मिळतो आणि रस्ते, वीज, शिक्षण हे सगळे तो नवा बाजार स्वतःच 'ओढून' आणतो. असलेली वस्तू अधिक चांगली करणे आणि खर्च कापणे याही नवनिर्मितीच्याच जाती आहेत. पण गरिबी हटते ती नवा बाजार घडवणाऱ्या तिसऱ्या जातीने, असे लेखक म्हणतात.

यातले पटण्यासारखे पुष्कळ आहे. नायजेरियातल्या इंडोमी नूडल्सची हकीकत तर आपण इथे राहणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. तोलाराम या सिंधी कुटुंबाच्या कंपनीने १९८८ साली ज्या देशात नूडल्स कोणी खात नव्हते तिथे त्या विकायला सुरुवात केली आणि पुढे त्यासाठी कारखाने, वाहतूक, सगळे स्वतः उभे केले. या पदार्थाचा जन्म मात्र जपानातला. मोमोफुकु आंदो यांनी ओसाकाजवळच्या इकेदा गावी, घरामागच्या खोपटात, १९५८ साली तो सिद्ध केला. पहिल्या पाकिटाची किंमत होती ३५ येन, आणि त्या काळी ताज्या उदोनचा गोळा ६ येनला मिळे! म्हणजे आज गरिबाचे जेवण म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू सुरुवातीला महागच होती. उत्पादन वाढले तसा तिचा भाव माणसांच्या आवाक्यात आला.

आता खुद्द जपानकडे वळू, कारण लेखकांनीही जपानला साक्षीला उभे केले आहे. सोनी, टोयोटा, होंडा ही त्यांची उदाहरणे. होंडाची सुपर कब आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. सकाळी टपाल टाकणारा पोस्टमन अजून तिच्यावरून फिरताना दिसतो. ती १९५८ च्या ऑगस्टमध्ये ५५,००० येनला बाजारात आली. पन्नास सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, हाताने क्लच दाबावा लागू नये अशी रचना, चिखल पायावर उडू नये म्हणून पुढे प्लास्टिकचे आवरण. सोबाची ताटे एका हातात घेऊन पोऱ्याला दुसऱ्या हाताने चालवता आली पाहिजे, ही फुजिसावा आणि होंडा यांची कसोटी सांगितली जाते. २०१७ साली या गाडीने दहा कोटींचा आकडा ओलांडला. गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणे म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत कोणी सांगू शकणार नाही.

पण इथेच माझा लेखकांशी मतभेद आहे. ५५,००० येन देणारा तो सोबावाला कुठून आला? त्याच होंडाने १९५९ मध्ये शेतीसाठी छोटा यांत्रिक टिलर काढला. तो घेणारा शेतकरी कोण होता? युद्धापूर्वी जपानात सुमारे ४६ टक्के शेतजमीन कुळांकडून कसली जाई. १९४६ ते १९५० च्या जमीन सुधारणेनंतर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. जमीन स्वतःची झाली, पिकाचा मोठा हिस्सा मालकाच्या घरी जायचा थांबला, म्हणून शेतकऱ्याच्या हातात यंत्र घेण्यापुरते पैसे आले. शिक्षणाचेही तसेच. १८७२ साली मेइजी सरकारने देशभर शाळांचा फर्मान काढला आणि १९४७ पासून नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले. कारखान्यातला मुलगा नकाशा वाचू शकत होता तो त्यामुळे. बाजाराने शाळा ओढून आणली, असे इथे झालेले नाही. शाळा आधी होती.

सरकारने सगळे केले, असे मी म्हणत नाही. उलट ट्रान्झिस्टरचा परवाना अमेरिकेतून घेण्यासाठी लागणारे २५,००० डॉलर द्यायला उद्योग खात्याने सोनीला बराच काळ अडवून धरले होते. खाते जिंकले असते तर १९५५ चा पहिला जपानी ट्रान्झिस्टर रेडिओ निघायला उशीर झाला असता. म्हणून मी श्रेय देतो ते खात्याला नव्हे, तर जमिनीला आणि शाळेला.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. पुस्तकात ते नाही, पण असायला हवे होते असे मला वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हता. लक्ष्मणराव डगमगले नाहीत. शेतकऱ्याची अडचण किमतीइतकीच भीतीची आहे हे त्यांनी ओळखले. पण बेळगाव सोडावे लागल्यावर त्यांना जागा कोणी दिली? औंधच्या पंतप्रतिनिधींनी. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती उद्योजक आणि संस्थानिक या दोघांच्या हातांनी. पुढल्याच वर्षी, १९११ मध्ये, गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडले आणि ते फेटाळले गेले. जपान तेव्हा या बाबतीत आपल्या चाळीस वर्षे पुढे होता. नांगर आपल्याकडेही निघाला. पण तो ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलापर्यंत शाळा पोचली नव्हती आणि जमीन बहुधा सावकाराकडे गहाण होती.

दुसरी एक गोष्ट पुस्तक हलक्या हाताने उरकते. स्वस्त केले म्हणजे बाजार तयार होतोच, असे नाही. टाटांची नॅनो आठवा. स्कूटरवर चौघे बसून पावसात भिजणाऱ्या कुटुंबासाठी लाखभर रुपयांत गाडी, यापेक्षा उदात्त हेतू कोणता? ती २००९ मध्ये आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सर्वांत स्वस्त गाडी हा शिक्का तिला भोवला, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. सुपर कबला कोणी गरिबाची गाडी म्हणून विकले नाही. ती कामाची, सोयीची गाडी होती. गरीब माणूस वस्तूबरोबर मानही विकत घेत असतो, हे कोणत्याही बिझनेस स्कूलपेक्षा आपल्या आयांना चांगले ठाऊक होते.

आणि गरीब माणूस फक्त गिऱ्हाईक का? लेखक रोजगाराबद्दल बोलतात, हे खरे. तरी त्यांच्या कथांचा नायक बहुतेक वेळा कंपनी काढणारा एकटा माणूस असतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले. त्यांचे पापड खाणारे गरीब नव्हते, लाटणाऱ्या होत्या, आणि त्याच मालकीणही झाल्या. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी कारखान्यात ऊस पिकवणाराच भागधारक होता. सहकाराचे पुढे काय झाले ते आपण जाणतो, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण नफा कोणाच्या घरी जातो, हा प्रश्न विचारल्याशिवाय गरिबीची चर्चा पुरी होत नाही.

तर मग आपल्या हातपंपाचे काय? पुस्तक वाचून आमचा तरुण मित्र म्हणतो, देणगी बंद करा. माझे मत वेगळे आहे. आपण पंप दिला, पण तो दुरुस्त करणाऱ्याच्या पोटापाण्याची काहीच व्यवस्था केली नाही, ही आपली चूक. त्या परिसरातल्या दोन-तीन मुलांना दुरुस्ती शिकवावी, हत्यारे आणि सुट्या भागांसाठी पहिले भांडवल द्यावे आणि गावांनी त्यांना कामाचे पैसे द्यावेत. एवढ्यापुरते मी पुस्तकाचे ऐकतो. निधीचा उरलेला भाग मात्र पूर्वीप्रमाणे मुलींच्या शिक्षणालाच जावा, त्याचा परतावा कोणी मागू नये. जपानात राहून मला एवढे तरी समजले आहे.

येत्या वार्षिक सभेत मी हाच ठराव मांडणार आहे. विरोधकांनी अवश्य यावे. पुस्तक मंडळाच्या ग्रंथपेटीत ठेवले आहे. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि सभेपूर्वी परत करावे, म्हणजे वाद तरी वाचलेल्या माणसांत होईल.